आई गेलेली गिनीपिगची पिल्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिनीपिगची मादी विताना किंवा व्याल्यानंतरच्या काही दिवसांत दगावली की घरात जी धावपळ उडते, ती मी कोथरूडच्या आमच्या घरात दोन वेळा अनुभवली आहे. पहिल्या वेळी तीन पिल्लांपैकी एक माझ्या चुकीमुळे गेले. दुसऱ्या वेळी चारही पिल्ले वाढली. त्यानंतर ओळखीतून ओळख निघत पुण्यातले बरेच जण मला हेच प्रश्न विचारू लागले, म्हणून उत्तरे एकदा व्यवस्थित लिहून ठेवत आहे. हे लेखन पशुवैद्यांच्या तपासणीला पर्याय नाही. परंतु रात्री अकरा वाजता दवाखाना बंद असताना सकाळपर्यंत पिल्ले सांभाळायची असतील, तर एवढी माहिती हाताशी असावी.

आई गेल्याचे लक्षात आल्यावर पहिल्या तासाभरात काय करावे?

दुधाच्या शोधात घराबाहेर पडण्याआधी पिल्ले गारठलेली नाहीत ना, हे पाहावे. पिल्लाचे कान आणि पाय हाताला थंड लागत असतील, तर त्याला काहीही पाजण्याआधी ऊब द्यावी, कारण गारठलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नाही आणि पोटात गेलेले पचतही नाही. आई विताना गेली असेल आणि एखादे पिल्लू अजून ओले असेल, तर त्याच्या नाकातोंडावरचे पातळ आवरण बोटाने काढून टाकावे आणि मऊ टॉवेलने हलके चोळत त्याला पूर्ण कोरडे करावे. मृत मादी पिल्लांजवळून उचलावी. तिला जुलाब होत असतील किंवा नाकाडोळ्यांतून स्राव येत असेल, तर खालचे सगळे अंथरूण बदलावे. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर प्रत्येक पिल्लाचे वजन करून ते तारखेसह लिहून ठेवावे. पुढचे सगळे निर्णय याच आकड्यांवर घ्यायचे आहेत.

एवढीशी पिल्ले आईशिवाय जगतात का?

जगतात, आणि बहुतेकांना वाटते त्यापेक्षा अधिक सहज जगतात. मांजराचे किंवा उंदराचे पिल्लू डोळे मिटलेले आणि पूर्णपणे परावलंबी असे जन्मते. गिनीपिगचा गर्भकाळ मात्र सुमारे ५९ ते ७२ दिवसांचा, म्हणजे एवढ्या लहान प्राण्याच्या मानाने पुष्कळच लांब असतो. त्यामुळे पिल्लू जन्मतःच डोळे उघडे, अंगावर पूर्ण केस आणि तोंडात दात घेऊन येते, काही तासांत पळू लागते आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच गवताची पाती कुरतडू लागते. आजारांशी लढणारी प्रतिपिंडेही त्याला मुख्यतः जन्माआधीच वारेतून मिळालेली असतात. गाईच्या वासराचे जसे चिकावाचून अडते तसे याचे अडत नाही.

जन्माच्या वेळचे वजन साधारण ६० ते १०० ग्रॅम असते. पन्नास ग्रॅमच्या आसपासची पिल्ले आई असतानाही पुष्कळदा टिकत नाहीत, तेव्हा असे पिल्लू गेले तर सांभाळणाऱ्याने स्वतःला दोष देऊ नये. जी पिल्ले चांगल्या वजनाची असूनही हातची जातात, ती बहुधा उपासमारीने जात नाहीत. ती थंडीने, घाईघाईने पाजलेल्या दुधाने किंवा एकटेपणाने जातात. पुढची बहुतेक उत्तरे या तीन गोष्टींभोवतीच फिरतील.

जन्मल्यापासून काहीच पाजलेले नाही. पिल्लू उपाशी मरेल का?

पहिल्या बारा ते चोवीस तासांत त्याला अन्नाची निकड नसते, कारण त्याच्या शरीरात जन्मतःच चरबीचा साठा असतो. हा वेळ ऊब देण्यात, योग्य दूध आणि सिरिंज मिळवण्यात आणि पशुवैद्यांशी बोलण्यात घालवावा. घाबरून हाताला येईल ते दूध चमच्याने तोंडात ओतणे, हाच या पहिल्या दिवसातला सर्वांत मोठा धोका आहे.

दुसरी व्यालेली मादी मिळाली तर ती ही पिल्ले स्वीकारेल का?

बहुतेक वेळा स्वीकारते. गिनीपिगच्या माद्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. एकत्र राहणाऱ्या दोन माद्या जवळपास एकाच वेळी व्याल्या तर कोणते पिल्लू कोणाचे, हे पाहणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून ओळखीत कोणाकडे नुकतीच व्यालेली निरोगी मादी असेल, तर हाताने पाजण्यापेक्षा तोच मार्ग पहिला. पिल्ले तिच्या अंथरुणात थोडी घोळवून मग तिच्याजवळ सोडावीत आणि पहिला तासभर समोर बसून राहावे. मादीला दोनच सड असतात हे मात्र लक्षात ठेवावे. तिची स्वतःची चार पिल्ले असतील तर आलेल्या तिघांना पुरेसे दूध मिळेलच असे नाही. अशा वेळी रोज वजन करून मागे पडणाऱ्या पिल्लाला वरचे पाजावे.

केवळ यासाठी दुकानातून अनोळखी मादी विकत आणू नये. ती आजार घेऊन येऊ शकते, आणि दूध देत नसलेल्या मादीचा उपयोग सोबतीपुरताच होतो.

कोणते दूध द्यावे? घरातले गाईचे दूध चालेल का?

गिनीपिगच्या दुधात साधारण ८ टक्के प्रथिने, ४ टक्के स्निग्धांश आणि ३ टक्के दुग्धशर्करा असते. गाईच्या दुधात प्रथिने याच्या निम्म्याहून कमी आणि दुग्धशर्करा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून पिशवीतले दूध जसेच्या तसे दिले की पिल्लाला जुलाब होण्याची शक्यता राहते. एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही सोसत नाहीत. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आणि पशुवैद्यांकडे मिळते, आणि हाताशी असलेल्या पर्यायांत ती बरी आहे. ती मिळेपर्यंत शेळीचे दूध उकळून, साय काढून, निम्मे पाणी घालून द्यावे. शहराच्या कडेच्या वस्त्यांतून शेळ्या पाळणारी कुटुंबे आजही आहेत. दूधवाल्याला किंवा भाजीवाल्या मावशींना विचारले की बहुधा पत्ता लागतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून या दुधात गिनीपिगच्या गोळी खाद्याची बारीक पूड भिजवून, गाळून मिसळावी. आजारी शाकाहारी प्राण्यांना भरवण्यासाठी गवतापासून बनवलेली तयार पूड मिळाली तर ती अधिक चांगली. हळूहळू दुधाचे प्रमाण कमी आणि या पुडीचे अधिक करत जावे. साखर, मध किंवा लहान मुलांसाठीचे तृणधान्याचे तयार खाद्य त्यात घालू नये. प्रत्येक वेळी ताजे कालवावे आणि उरलेले टाकून द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात तासाभरातही दूध नासते.

दूध नेमके कसे पाजावे?

या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देते, कारण माझी चूक येथेच झाली होती. मी पहिल्या पिल्लाला तान्ह्या बाळासारखे मांडीवर उताणे घेतले आणि पाच मिलिलिटरच्या सिरिंजने दूध सोडले. ते चुळबुळ करत होते, म्हणजे त्याला आणखी हवे आहे, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी त्याच्या श्वासाबरोबर बारीक चटचट आवाज येऊ लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. दूध पोटात न जाता फुप्फुसात गेले होते.

पिल्लू टॉवेलवर त्याच्या चारही पायांवर बसलेले असावे, किंवा हातात घेतले तर छाती तळहातावर टेकवून, डोके सरळ ठेवून धरावे. मेडिकलच्या दुकानातून सुई नसलेली एक मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई बसवलेलीच असते, ती घेऊ नये. दूध मनगटावर टाकून पाहावे. ते जेमतेम कोमट लागले पाहिजे. सिरिंजचे टोक समोरून न घालता तोंडाच्या कडेने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत हलकेच टेकवावे आणि एक थेंब सोडावा. पिल्लाने जबडा हलवून तो गिळल्याचे दिसले की दुसरा थेंब. थेंब ओठांवर लावून ते स्वतः चाटत असेल तर त्याहून उत्तम. काही पिल्ले दोन दिवसांत उथळ झाकणातून स्वतःच प्यायला शिकतात आणि मग सिरिंज बाजूला ठेवता येते. कापसाची वात चोखायला देऊ नये, तिचे तंतू तोंडात जातात.

नाकातून दूध आले तर लगेच थांबावे, डोके किंचित खाली करून नाक टिपावे आणि पुढचे पाजणे किमान तासभर पुढे ढकलावे. त्यानंतर श्वासाला आवाज येत असेल, किंवा श्वास घेताना कुशी आत ओढल्या जात असतील, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे.

एका वेळी किती आणि दिवसातून किती वेळा?

पहिले दोन-तीन दिवस एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर, दिवसा दर दोन तासांनी आणि रात्री तीन-चार तासांनी. आठवड्याच्या शेवटापर्यंत हे प्रमाण दोन-तीन मिलिलिटरपर्यंत जाते आणि दोन वेळांमधले अंतर वाढवता येते. पिल्लाने तोंड फिरवले की थांबावे. संपवण्याचा आग्रह धरू नये. आईसुद्धा यांना पदराखाली घेऊन बसत नाही, थोडा वेळ पाजते आणि निघून जाते. पाच-सहा दिवसांपेक्षा मोठे झालेले पिल्लू चारा नीट खात असेल, तर ते दुधाशिवायही तगू शकते, मात्र त्याची वाढ हळू होते. म्हणून दूध थोडे का होईना, तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावे. नोकरीमुळे दर दोन तासांनी घरी येणे शक्य नसेल, तर शेजारच्या आजी-आजोबांना एकदा समोर बसवून पद्धत शिकवावी. आमच्या दुसऱ्या खेपेची चार पिल्ले अर्धी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वाढवली.

पाजल्यावर पोट फुगलेले दिसते आणि लघवी होत नाही. काय करावे?

पहिल्या आठवड्यात, काही पिल्लांच्या बाबतीत दुसऱ्या आठवड्यातही, आई चाटते तेव्हाच लघवी आणि विष्ठा होते. ती नसली की मूत्राशय भरत राहते आणि पिल्लू आतल्या आत आजारी पडते. म्हणून प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस किंवा मऊ सुती कापड शेपटीच्या जागेखाली, पोटाकडून मागच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने फिरवावे. अर्ध्या मिनिटात ओल लागते. प्रत्येक वेळी दोन्ही गोष्टी होतील असे नाही. लघवी मात्र दिवसातून अनेकदा झाली पाहिजे. पिल्लू स्वतःहून अंथरूण ओले करू लागले की हे काम संपले.

ऊब किती आणि कशी द्यावी?

मोठ्या गिनीपिगला १८ ते २४ अंश तापमान मानवते. आई नसलेल्या पिल्लांना पहिले काही दिवस त्याहून थोडे अधिक, २६-२७ अंशांच्या आसपास हवे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांखालीही उतरतो आणि फरशी बर्फासारखी होते, तेव्हा खोके कधीही थेट जमिनीवर ठेवू नये. रबरी पिशवीत किंवा जाड बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावे. दुसरी बाजू गार राहिली पाहिजे, कारण उकडू लागले तर पिल्लाला तेथून सरकता आले पाहिजे. विजेच्या दिव्यावर सगळी भिस्त ठेवली तर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा पंचाईत होते; पाण्याच्या पिशवीला ती भीती नाही.

अंथरुणासाठी खाली वर्तमानपत्राची जाड घडी आणि वर लोकरी किंवा सुती कापड घालावे. जुन्या साडीची गोधडी उत्तम, फक्त सुटे दोरे कापून टाकावेत. पायाला दोरा गुंडाळला जाऊन पाय सुजल्याचे मी पाहिले आहे. देवदार किंवा पाइनचा भुसा वापरू नये, त्याच्या वासाने श्वसनाला त्रास होतो. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल त्या खोलीत लावू नये.

उन्हाळ्यात काळजी उलटी घ्यावी लागते. खोलीचे तापमान तिशीच्या वर गेले की गिनीपिगला उष्माघात होऊ शकतो, आणि पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ते सहज जाते. खोके घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात हलवावे, ओला पडदा लावावा, परंतु पंख्याचा झोत पिल्लांवर सोडू नये.

खोक्यात मुंग्या येतात. खडू ओढला तर चालेल का?

मुंग्यांचा खडू किंवा फवारा पिल्लांच्या आसपास अजिबात वापरू नये. तो विषारी असतो आणि पिल्ले सतत आपले अंग चाटतात. दुधाच्या वासाने लाल मुंग्या येतात आणि लहान पिल्लाला चावून बेजार करतात, म्हणून हा प्रश्न किरकोळ समजू नये. खोके स्टुलावर ठेवून स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, पूर्वी दुधातुपाच्या कपाटाचे ठेवत तसे. पाजल्यानंतर हनुवटी आणि छाती ओल्या कापडाने पुसून कोरडी करावी.

चारा कधीपासून आणि कोणता?

पहिल्या दिवसापासून. दूध हे पूरक आहे आणि गवत हे मुख्य अन्न आहे, हे ज्याला पटले त्याची पिल्ले सहसा वाढतात. सुके गवत खोक्यात सतत असावे. परदेशातून येणारे टिमोथी गवत ऑनलाइन मिळते, महाग असले तरी टिकते. लसूणघासात, ज्याला बाजारात अल्फाल्फा म्हणतात, प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. म्हणून वाढत्या पिल्लांना तो पहिले सहा महिने देण्यास हरकत नाही. त्यानंतर तो बंद करावा, कारण मोठ्या वयात जास्तीच्या कॅल्शियममुळे मूतखडे होतात. देवळाबाहेर गाईसाठी विकायला ठेवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या जुड्यांत पुष्कळदा लसूणघास असतो. तो धुऊन, सावलीत सुकवून द्यावा. ओल्या लसूणघासाचा ढीग दिल्यास पोट फुगते.

आपल्याकडची खरी सोय म्हणजे दूर्वा. मंडईत आणि फुलवाल्यांकडे वर्षभर जुड्या मिळतात, पिल्लांना त्या कोवळ्या असल्यामुळे चावता येतात आणि सगळ्यांना आवडतात. कीटकनाशकाच्या शंकेमुळे जुडी सोडून मिठाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात धुवावी आणि पाणी निथळल्यावर द्यावी. पावसाळ्यात मक्याच्या कणसाची हिरवी पानेही चालतात. कोथिंबीर, काकडी, थोडे गाजर यांचे एक-दोन लहान तुकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून समोर ठेवावेत, मात्र एका दिवशी एकच नवी गोष्ट द्यावी.

रस्त्याकडेचे गवत आणू नये. त्यावर गाड्यांचा धूर आणि कुत्र्यांची लघवी तर असतेच, शिवाय त्यात गाजरगवत मिसळलेले असते. हे परदेशी तण भारतात प्रथम नोंदले गेले ते १९५५ साली पुण्यातच, आणि ते जनावरांना विषारी आहे. बटाटा, कांदा, लसूण, अळूची पाने, टोमॅटोचा पाला, कच्ची कडधान्ये, पोळी, ब्रेड आणि बिस्किटे यांतले काहीही देऊ नये. पालक त्यातल्या ऑक्झलेट या मूतखडे वाढवणाऱ्या घटकामुळे क्वचितच द्यावा. पावसाळ्यात गवताला कुबट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली, तर ती पेंढी कितीही महाग असली तरी फेकून द्यावी.

क जीवनसत्त्व वेगळे द्यावे लागते का?

होय, आणि ते विसरू नये. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते न मिळाल्यास स्कर्व्ही होऊन सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येते आणि पिल्लू हालचाल थांबवते. आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या नॉर्वेच्या संशोधकांनी १९०७ साली गिनीपिगांमध्येच हा आजार ओळखला होता, आणि माणसाच्या स्कर्व्हीचे कोडे सुटण्यास त्यातून मोठी मदत झाली. वाढत्या पिल्लाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम लागते, म्हणजे शंभर ग्रॅमच्या पिल्लाला ३ मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. त्यामुळे रोज पाच ग्रॅमची एक पातळ चकती पिल्लाने खरोखर खाल्ली तर गरज भागते. खात नसेल तर पशुवैद्यांकडून थेंब लिहून घ्यावेत. पाण्याच्या बाटलीत औषध घालून ठेवू नये, ते काही तासांत निष्प्रभ होते आणि पाण्याची चव बदलल्याने पिल्ले पाणीच कमी पितात. चघळायच्या नारंगी गोळ्यांत साखर असते, त्या टाळाव्यात. गोळी खाद्यातले जीवनसत्त्वही तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत बरेच कमी होते, तेव्हा पाकिटावरची तारीख पाहून घ्यावे.

मोठ्या गिनीपिगच्या लेंड्या पिल्लांना द्याव्यात असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे. गवत पचवणारे जिवाणू पिल्लाच्या आतड्यात आईच्या मऊ लेंड्या खाल्ल्याने येतात. घरात निरोगी मोठा गिनीपिग असेल तर त्याच्या दोन-तीन ताज्या लेंड्या पिल्लांच्या खोक्यात ठेवाव्यात. ती स्वतःच खातात. ऐकायला विचित्र वाटले तरी ज्या पिल्लांना जुलाब होतात त्यांच्यासाठी याचा उपयोग मोठा असतो. आजारी किंवा औषध चालू असलेल्या प्राण्याच्या लेंड्या मात्र वापरू नयेत.

वजन किती वाढले पाहिजे?

पहिले एक-दोन दिवस थोडे घटले तरी चालते. त्यानंतर रोज तीन ते पाच ग्रॅम वाढ अपेक्षित असते, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास जन्माचे वजन दुप्पट होते. वजन रोज एकाच वेळी, पाजण्याच्या आधी करावे. सलग दोन दिवस वाढ झाली नाही, किंवा वजन दहा टक्क्यांनी घटले, तर पिल्लू खेळते दिसत असले तरी दवाखान्यात न्यावे. गिनीपिग शिकार होणारा प्राणी आहे. तो आजार शेवटपर्यंत लपवतो, आणि वजनकाटा तो आपल्या डोळ्यांआधी ओळखतो.

पिल्ले बापाजवळ ठेवावीत का?

बाप स्वभावाने शांत असेल तर ठेवावीत. नर सहसा पिल्लांना इजा करत नाही. पिल्ले त्याला चिकटून झोपतात, त्याच्याकडे पाहून काय खायचे ते शिकतात आणि त्याच्या लेंड्याही त्यांना मिळतात. पहिल्या भेटीत समोर बसावे. माद्या असतील तर तीन आठवडे पूर्ण होण्याआधी त्यांना त्याच्यापासून वेगळे करावे.

एकच पिल्लू उरले आहे. माणसांची सोबत पुरेल का?

नाही. आपण दिवसभर जवळ बसलो तरी आपल्याला त्याची भाषा येत नाही, आणि एकटे पिल्लू खाणे कमी करते. मोठ्या गिनीपिगची सोबत शक्य तितक्या लवकर मिळवून द्यावी. ती मिळेपर्यंत बिलगून बसण्यासाठी मऊ, लोकरीचे खेळणे जवळ ठेवावे. सोबत म्हणून ससा ठेवू नये; सशाच्या श्वसनमार्गात त्याला त्रास न देणारे बोर्डेटेला नावाचे जिवाणू असू शकतात आणि तेच गिनीपिगला न्यूमोनिया करतात.

कोणती लक्षणे दिसल्यावर थांबू नये? आणि कोणत्या डॉक्टरांकडे जावे?

श्वासाचा आवाज, पातळ विष्ठा, बारा तास काहीही न खाणे, अंग थंड पडणे, डोके एका बाजूला कलणे, ही सगळी त्याच दिवशी दाखवण्याची लक्षणे आहेत. फोन करतानाच, येथे गिनीपिग आणि ससे नियमित पाहिले जातात का, असे स्पष्ट विचारावे, कारण कुत्र्यामांजरांच्या औषधांतली काही यांना प्राणघातक ठरतात. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन आणि तोंडाने दिले जाणारे एरिथ्रोमायसिन यांनी गिनीपिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, विषारी जिवाणू फोफावतात आणि काही दिवसांत मृत्यू येऊ शकतो. घरातल्या मुलांचे उरलेले सिरप चार थेंब देऊन पाहणे हे म्हणूनच फार धोक्याचे आहे. चिठ्ठीवर यांतले नाव दिसले तर आदराने, पण ठामपणे विचारावे. चांगले डॉक्टर त्याचा राग धरत नाहीत. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गुंतागुंतीच्या प्रसंगी तेथे विचारणा करता येते.

आई कशाने गेली असावी? आमचे काही चुकले का?

मादी पहिल्यांदा सात-आठ महिन्यांच्या वयानंतर गाभण राहिली, तर तिच्या कटिबंधाची हाडे विण्यासाठी पुरेशी सैलावत नाहीत आणि पिल्लू अडते. दुसरे मोठे कारण म्हणजे गाभणपणाच्या शेवटी किंवा व्याल्यानंतर लगेच होणारी रक्तातली विषबाधा. लठ्ठ मादीत, किंवा त्या दिवसांत तिचे खाणे तुटल्यास, ती संभवते आणि एक-दोन दिवसांत जीव घेते. पुष्कळ घरांत मादी गाभण असल्याचे कोणाला माहीतही नसते, कारण दुकानात नर-मादी एकत्र ठेवलेले असतात आणि ती गाभण अवस्थेतच घरी येते. त्यात घरच्यांचा दोष नाही. दुसरा गिनीपिग घरात असेल आणि मृत्यूचे कारण कळत नसेल, तर पशुवैद्यांना शवविच्छेदनाबद्दल विचारावे.

मुलांनी पिल्लांना हातात घेतले तर चालते का?

चालते, आईचा वास जाईल ही भीती येथे नाही. मुलाने जमिनीवर मांडी घालून बसावे, कारण उंचावरून पडलेले पिल्लू वाचत नाही. आधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पिल्लाच्या नाकाभोवती किंवा कानांवर केस गळून गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकते, पावसाळ्यात ते पुष्कळ दिसते, आणि ते मुलांनाही होते.

दूध कधी बंद करावे आणि नर-मादी कधी वेगळे करावेत?

साधारण २१ दिवसांनी, वजन १५० ते २०० ग्रॅमच्या पुढे गेले असेल आणि पिल्लू दिवसभर चारा खात असेल, तर दूध आठवडाभरात हळूहळू बंद करावे. त्याच सुमारास पशुवैद्यांकडून नर-मादी ओळखून घ्यावी. नर तीन आठवड्यांत प्रजननक्षम होऊ शकतो आणि मादी चार आठवड्यांतही गाभण राहू शकते. भावंडे आहेत म्हणून काही होणार नाही, या समजुतीने पुढच्या खेपेला पुन्हा हीच वेळ येते. नरांचा एक आणि माद्यांचा एक, असे दोन पिंजरे शेजारी ठेवावेत, म्हणजे आवाजाची सोबत राहते.

पिल्ले दुसऱ्या घरी द्यायची असतील तर कधी द्यावीत?

सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, आणि शक्यतो एकाच लिंगाची दोन एकत्र. सोबत त्यांच्या सवयीचे गवत आणि खाद्य आठवडाभर पुरेल इतके द्यावे, वापरलेल्या अंथरुणाचा एक तुकडा द्यावा आणि वजनाची वहीही द्यावी. नव्या घरी पोहोचल्यावरचे पहिले वजन त्याच पानावर लिहिता येते.